नऊच्या बोटीचं रक्त

आगरदांडा
रविवार, ९ जानेवारी २०२२

चि. दीक्षा हिस,
जय भीम आणि आशीर्वाद.

मच्छीमारांच्या होड्यांसाठी बर्फपेट्या, त्रेचाळीस. त्यांतल्या एकेचाळीस अजून पाण्यावर आहेत; एक आगीत गेली, एक होडीसकट बुडाली, आणि त्यात पेटीचा दोष नव्हता. राहतं घर, जांभ्या दगडाचं, दोन खोल्या आणि पडवी; कौलं चढवायला तेवढा दुसरा माणूस लागला. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरपासून टायरात हवा भरायचे पंप, चार. शाळेची घंटा, रुळाच्या तुकड्याची. क्रांतीचा पाळणा, सागवानी, त्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे खुंट्यांचे. तुझं बारावीचं अभ्यासाचं टेबल, फणसाच्या लाकडाचं. त्याचा डावा पाय दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड आहे, कारण तुझ्या खोलीची जमीन तिथे दोन सूत वर होती.

तुझ्या संस्थेच्या फॉर्मात 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना आहे. माझी पात्रता आठवी. ती लिहूनही निम्मा रकाना रिकामा राहिला. म्हणून वरची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. साहेबांना आवडली नाही तर तू वाच.

काम मला मान्य आहे. दिघीच्या बाजूच्या उपकेंद्रातून गरोदर बायांच्या रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, बोटीने खाडी ओलांडायची, आगरदांड्याला उतरून मोटारसायकलने अलिबागच्या लॅबमध्ये पोचवायच्या. आठवड्यातून दोनदा. वेळेची काळजी नको. आमच्या धक्क्यावर घड्याळापेक्षा बोट खरी. बोट हाकणारा अंबाजी तांडेल तर म्हणतो, "माझा थोरला आठच्या बोटीला झाला, धाकटा नऊच्या." महिना विचारला तर डोकं खाजवतो.

आणखी एक. आपल्या लेकीला, क्रांतीला, दिवस राहतील अशी चिन्हं आहेत, तुझी काकी म्हणते. राहिले तर तीही तुझ्या अभ्यासात येईल, कारण तिचं सासर पलीकडेच.

मी पत्रच लिहिणार. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं आणि मग 'मी असं म्हणालेच नव्हते' सुरू होतं. मी कार्बन घालून लिहितो, प्रत माझ्याकडे राहते; रोजच्या कामाचीही वही ठेवतो. तूही पत्रानेच उत्तर दे. तेवढंच तुझं मराठी अक्षर टिकेल.

तुझा काका,
धम्मदीप

*

मुंबई
२२ जानेवारी २०२२

ती. काकांस,
सप्रेम जय भीम.

तुमची यादी मी आमच्या सरांना वाचून दाखवली. टेबलाच्या पायाशी आले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "या माणसाला घ्या." फॉर्म मग मीच भरला.

काम काय आहे ते नीट सांगते, कारण तुम्हाला अर्धवट सांगितलेलं चालत नाही. गरोदरपणात बाईच्या अंगातले हार्मोन बदलतात आणि काहींच्या रक्तातली साखर वाढते. आधीच वजन जास्त असेल तर धोका अधिक. बाईला काहीच जाणवत नाही. बाळ मात्र ती साखर खाऊन नको इतकं वाढतं, बाळंतपण अवघड होतं, आणि पुढे काही वर्षांत आईला कायमचा मधुमेह होऊ शकतो. वेळेत कळलं तर खाण्यापिण्यावर, फार तर औषधावर भागतं. किनाऱ्यावरच्या गावांत हे किती बायांना आहे, हे आजवर कुणी मोजलेलं नाही. ते आपण मोजणार.

पहाटे पावणेसहाला बाईला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी द्यायचं, बरोबर दोन तासांनी रक्त घ्यायचं. आकडा एकशे चाळीस किंवा वर गेला तर साखर आहे. खाली राहिला तर नाही.

एकच नियम पक्का पाळायचा. रक्त काढल्यापासून अडीच तासांत नळी लॅबमध्ये पोचली पाहिजे. उशीर झाला तर ती नळी बाद आणि त्या बाईचं रक्त पुन्हा. वेळ नळीच्या चिठ्ठीवर लिहिलेली असेल. बर्फाच्या पिशव्या आणि थर्माकोलची पेटी संस्था देईल. ती पेटी बघून नाक मुरडू नका.

ते टेबल अजून माझ्याकडे आहे. इथे मुंबईत जमीन सपाट आहे, म्हणून डाव्या पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो!

तुमची,
दीक्षा

*

आगरदांडा
बुधवार, ३ ऑगस्ट २०२२
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

चि. दीक्षा हिस,
आशीर्वाद.

हे पत्र सावकाश वाच. यात माझी एक चूक आहे आणि तुमच्या संस्थेची एक.

आधी माझी. फेब्रुवारीत पहिल्या दिवशी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी मला विचारलं, "दादा, चिठ्ठीवर वेळ काय घालू?" मी पेटी बांधत होतो. म्हणालो, "नऊची बोट." त्यांनी ९.०० लिहिलं. त्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत एकशे बारा बायांच्या चिठ्ठ्यांवर ९.०० आहे. रक्त निघतं पावणेआठला. लॅबमध्ये मी पोचतो सव्वाअकराला. कागदावर सव्वादोन तास, खरे साडेतीन. तुझ्या नियमाने एकशे बाराच्या एकशे बारा नळ्या बाद व्हायला हव्या होत्या. झाली नाही एकही, कारण चिठ्ठी माझ्या तोंडची होती. जन्मभर बोटीवर वेळ सांगणाऱ्या माणसाची ही चूक आहे. ती मी पत्करतो.

आता तुमची. थर्माकोलच्या पेटीत कोरड्या बर्फपिशव्या. कुठल्याही कोळणीला विचार. पापलेट बर्फाच्या खड्यांवर ठेवलं तर खडा टेकतो तिथेच गार होतं, मधे पोकळीत गरम राहतं. म्हणून होडीत बर्फ कुटून त्यात पाणी घालतात, त्याचा काला करतात आणि मासा त्यात बुडवतात. गारवा चारी बाजूंनी बसतो. नळीचंही तसंच. रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि रक्तातली साखर खात राहतात. हे मी तू दिलेल्या पुस्तकात वाचलं, पान ६१. गार केलं नाही तर खाणं थांबत नाही. म्हणजे नळी जितकी उशिरा आणि जितकी कोमट, तितकी साखर कमी दिसणार. साखर असलेली बाई साखर नसलेली ठरणार.

नुसता तर्क करून मी लिहीत नाही. गेल्या महिन्यात मी पेटी केली. आत स्टीलचा डबा, बाहेर फ्रीजच्या दारातला पफ, म्हणजे गारवा धरणारा फोम, मधे नळ्यांना भोकांची जाळी, डब्यात बर्फाचा काला. मग मी स्वतः ग्लुकोजचं पाणी प्यालो. नर्सबाईंनी माझ्या दंडातून दोन नळ्या भरल्या. एक तुमच्या पेटीत, एक माझ्या पेटीत. दोन्ही एकाच बोटीने, एकाच मोटारसायकलने, एकाच वेळी लॅबात. तुमच्या पेटीतली १३९. माझ्या पेटीतली १५८.

एक माणूस, एक दंड, एक सुई. मी बाई असतो तर एका नळीने मला घरी पाठवलं असतं आणि दुसरीने डॉक्टरकडे.

आता काय करायचं ते लिहितो. आकडे तुमच्याकडे आहेत, मला दाखवत नाहीत ते बरोबरच आहे. पण ज्यांचे एकशे वीस ते एकशे एकोणचाळीस आले आहेत त्या बायांना परत बोलवा. बऱ्याच जणींचे दिवस अजून भरलेले नाहीत. वेळ आहे. मी नवी पेटी घेऊन उद्याच्या बोटीला तयार आहे.

तुझा काका,
धम्मदीप

*

मुंबई
१९ ऑगस्ट २०२२

ती. काकांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही स्वतःचं रक्त काढून घेतलंत हे वाचून हसू की रागावू कळेना. दोन नळ्यांवरून शास्त्र ठरत नाही, पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सरांशी बोलले. तुम्ही म्हणता तशा बाया मोजल्या, त्या एकोणीस आहेत. त्यांना परत बोलवण्याचं ठरतं आहे. अशा गोष्टींची संस्थेत एक पद्धत असते, समितीसमोर जावं लागतं, त्याला थोडे दिवस लागतील. तोवर बायांना काही बोलू नका. घाबरतील, अभ्यास सोडून जातील, आणि मग उरलेल्यांचंही नुकसान.

दोन कामं करा. एक, पेटीचं चित्र मापांसह पाठवा. दोन, चिठ्ठीवरच्या वेळेची चूक एका वेगळ्या कागदावर सही करून लिहून द्या. फाइलला लागते, बाकी काही नाही.

क्रांती कशी आहे?

तुमची,
दीक्षा

*

आगरदांडा
शुक्रवार, २ सप्टेंबर २०२२

चि. दीक्षा हिस,
आशीर्वाद.

दोन्ही कागद जोडले आहेत. चित्रात मापं मिलिमीटरमध्ये आहेत, तुमच्या लोकांना सूत कळणार नाही म्हणून. जाळीची भोकं नळीपेक्षा एक मिलिमीटर मोठी ठेवायची. त्याहून मोठी केली तर बोट हलताना नळ्या वाजतात. माझ्या चुकीचा कबुलीजबाब दुसऱ्या कागदावर आहे. त्यात तारखा, वेळा, माझं पूर्ण नाव. पेटीच्या कोरड्या पिशव्यांचा उल्लेख मी त्यात केला नाही. ती चूक तुमची, ती तुम्ही लिहा.

क्रांती बाळंतपणाला इकडे आली आहे, आठवा लागला. तिची नळी बारा जुलैची, क्रमांक १०४. आशाताईने घरी दिलेल्या निकालाच्या चिठ्ठीवर आकडा १३४ आणि पुढे 'नॉर्मल'. म्हणजे तीही त्या एकोणिसांत असणार. तिला वेगळी घेऊन मुरुडला जाऊ का, असं काकी विचारत होती. मी म्हटलं, "दीक्षाला कळवलंय. तिचं पथक येतंय. अठरा जणी थांबल्यात आणि आपली पोर तेवढी पुढे, असं न्हाय करायचं." काकी म्हणाली, "तुमचा न्याय तुमच्यापाशी." पण तिने ऐकलं.

नॉर्मल लिहिलंय म्हणून काकी तिला रोज काहीतरी गोड करून घालते. घावनं आणि नारळाचा गुळातला रस म्हटलं की क्रांतीला भान राहत नाही. पोर खुशीत आहे. पथक कधी येतंय तेवढी तारीख कळव.

तुझा काका,
धम्मदीप

*

(पोस्टकार्ड)
आगरदांडा, १९ ऑक्टोबर २०२२

चि. दीक्षा, क्रांतीला शनिवारी दुपारी मुलगा झाला. वजन चार किलो अडीचशे. बाळ-बाळंतीण घरी. तारीख अजून आली नाही.
काका

*

(पोस्टकार्ड)
मुंबई, ४ नोव्हेंबर २०२२

ती. काका, अभिनंदन! आजोबा झालात! चांगला गुटगुटीत आहे की. काकीला पेढे मागा माझ्या नावाने. तारखेचं चालू आहे. नवी पेटी आता सगळ्या केंद्रांवर वापरतोय, सगळे तुमचं नाव काढतात.
दीक्षा

*

मुंबई
११ मार्च २०२४

ती. काकांस,
सप्रेम जय भीम.

बरेच महिने पत्र नाही. कामाने जीव नकोसा झाला होता. पण आज बातमी अशी आहे की तुम्हालाच आधी लिहिते. आपला निबंध छापून आला! परदेशातल्या मोठ्या मासिकात. दोन वर्षं, पाच केंद्रं, सातशेवर बाया. छापील प्रत सोबत पाठवते. इंग्रजी आहे, पण चित्रं बघा. पान सहावर तुमची पेटी आहे.

माझी नेमणूकही कायम झाली. आई असती तर टेबलावरून हात फिरवत बसली असती.

एक कंपनी पेटी बनवायला तयार आहे. त्यांचा माणूस तुम्हाला येऊन भेटेल. विनेश नाव आहे, सभ्य मुलगा आहे, नीट बोला त्याच्याशी.

तुमची,
दीक्षा

*

आगरदांडा
गुरुवार, २८ मार्च २०२४
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

दीक्षा,

निबंध वाचला. नुसती चित्रं बघ म्हणालीस, पण मी शब्दकोश घेऊन बसलो. बारा पानांना अकरा दिवस लागले. एकही ओळ सोडली नाही.

पान सहा. पेटीचं चित्र माझं आहे. जाळीच्या भोकांच्या मापासकट. खाली लिहिलं आहे, 'संशोधक गटाने विकसित केलेली'. मी तीनदा शब्दकोश उघडला. गट म्हणजे गटच.

ते सोडून दे. बर्फाचा काला कोळ्यांचा, मी त्यांच्याकडून शिकलो, तू माझ्याकडून घेतलास. पान चार मात्र सोडत नाही. तिथे अशी ओळ आहे: 'एका केंद्रावरील पहिल्या एकशे बारा नोंदी, स्थानिक अप्रशिक्षित स्वयंसेवकाने वेळेची चुकीची नोंद केल्यामुळे, अभ्यासातून वगळल्या.' माझा कबुलीजबाब तू त्या ओळीत वापरलास. कोरड्या पिशव्यांचा शब्द कुठे नाही. तोही सहन केला असता, चूक माझीच होती. पण एकशे बारा नोंदी तुम्ही अभ्यासातून वगळल्या तर त्या बायांना का वगळलंत? आकडे खोटे आहेत हे तुम्हाला छापण्यापुरतं कळलं, मग ते त्यांना कोण सांगणार? त्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत अजून ती चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर 'नॉर्मल' आहे.

आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते लिहितो. पोस्टकार्डावर मी 'बाळ-बाळंतीण घरी' लिहिलं, 'ठीक' लिहिलं नाही. बघ, प्रत माझ्यासमोर आहे. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. डॉक्टरांनी ओढून काढला तेव्हा उजव्या हाताच्या शिरा ताणल्या गेल्या. पोरगं दीड वर्षाचं होत आलंय. उजवा हात कोपरात वाकत नाही. भाकरीचा तुकडा डाव्या हाताने घेतो. सोनाबाई, म्हणजे क्रांतीची सासू, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "डावखुरा हाय आमचा." ती माऊली आहे म्हणून तसं सांगते. मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुझ्या मनाला लागेल आणि तुझं काम बिघडेल.

तू डॉक्टर. एकशे चौतीसचा आकडा मी तुला कळवला होता, क्रमांकासकट. सहा आठवड्यांनी सव्वाचार किलोचं पोर कळवलं. कुठलीही सुईण दोन्ही जोडून बघेल. तू लिहिलंस, 'गुटगुटीत'.

काकीने घावनं करायचं सोडलं आहे. आमच्या घरात आता गूळ येत नाही.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं. सरांनी ऑगस्टात नेमकं काय म्हटलं?

धम्मदीप

*

मुंबई
९ एप्रिल २०२४

ती. काकांस,

बाळाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. अशा हातावर पहिल्या तीन महिन्यांत उपचार झाले तर पुष्कळ फरक पडतो. मी इथे चांगल्या डॉक्टरांना दाखवलं असतं. लपवाछपवी तुम्हीही केलीत, काका.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सरांना मी तेव्हा सांगितलं नाही. पत्र मी एकटीने वाचलं, यादी मी एकटीने काढली. त्याच महिन्यात माझ्या नेमणुकीचा निर्णय होता. आमच्या पथकाच्या पेटीने एकशे बारा बायांचे आकडे बिघडले, असं मी त्यांच्यासमोर ठेवलं असतं तर अभ्यास तिथेच थांबला असता आणि त्याबरोबर मीही. वाटलं, निर्णय झाला की पुढच्याच आठवड्यात सांगेन. तो लांबला. मग दिवस गेले, बाया बाळंत झाल्या, आणि मग सांगून काय होणार असं वाटू लागलं. गेल्या वर्षी नोंदी वगळायची वेळ आली तेव्हा सरांच्या हाती मी फक्त तुमचा कागद दिला. क्रांतीचा क्रमांक मी पाहिला होता. त्यावर मी काही लिहू शकत नाही.

मी वाईट बाई नाही, काका. या अभ्यासामुळे सातशे बायांची तपासणी नीट झाली. त्यांतल्या दीडशे जणींना वेळेत औषध मिळालं. हेही तुमच्या वहीत लिहा.

आता व्यवहाराचं. विनेश याच महिन्यात येईल. पेटीचा मोबदला आणि 'तांत्रिक सल्लागार' असं पद ते तुम्हाला देतील. तुमच्या नावापुढे पद लागावं ही माझी लहानपणापासूनची इच्छा आहे, हे खोटं मानू नका. करारात एक अट आहे. पहिल्या टप्प्याची तुमची वही आणि कार्बनच्या प्रती संस्थेकडे द्यायच्या, आणि त्या बायांशी या विषयावर बोलायचं नाही. त्यांची नावं गुप्त ठेवणं हा कायदा आहे, तुम्हालाच त्रास होईल. बाळाच्या हाताचा खर्चही यातून होईल. भावनेच्या भरात नाही म्हणू नका.

दीक्षा

*

आगरदांडा
सोमवार, ६ मे २०२४

डॉ. दीक्षा यांस,
जय भीम.

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण कामात होतो. काम क्रमाने लिहितो.

लपवण्याबद्दल आपण लिहिलंत ते खरं आहे. पहिले तीन महिने मी गप्प बसलो. ते मी माझ्या वहीत लिहिलं आहे, लाल शाईने. दीडशे बायांचंही लिहिलं आहे, निळ्या शाईने. दोन्ही खरं आहे.

नावं मी फोडली नाहीत. आमच्या पलीकडच्या गावाची आशा सेविका, सुचिता, तिला मी तीन ऑगस्टच्या पत्राची प्रत वाचून दाखवली. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, माझ्याच हाताने त्या चिठ्ठ्या वाटल्यात. चला." आम्ही दारोदार गेलो आणि एवढंच विचारलं: दोन हजार बावीसच्या जुलैपर्यंतची ती चिठ्ठी घरात आहे का? बायांनीच पेट्या उघडल्या. कुणाची डाळीच्या डब्यात, कुणाची मुलाच्या लसीच्या कार्डात. ज्यांच्यावर एकशे वीस ते एकशे एकोणचाळीस होतं त्यांना मी सांगितलं, "बाई, हा आकडा खोटा हाय. चूक माझी हाय आणि पेटीची हाय. परत तपासा." एकीने माझ्या तोंडावर दार लावलं. एकीचा नवरा म्हणाला, "दोन वर्षं कुठं होतास?" मी अंगणात उभा राहिलो. थोड्या वेळाने तोच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला.

एकोणीसच्या एकोणीस सापडल्या. आपली मोजणी बरोबर होती. दोघी गाव सोडून गेल्या आहेत, एक पनवेलला, एक वापीला. त्यांना सुचिताने फोन केला. सतरा जणींना गेल्या रविवारी विहारात बोलावलं. विहारात, कारण पंखे तिथे आहेत. कुणब्यांच्या बाया आल्या, आगरी आल्या, आमच्या आल्या. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सुट्टी असून आल्या. नळ्या माझ्या पेटीत, काल्यात. चिठ्ठीवर रक्ताची वेळ मी स्वतः घातली, मनगटावरचं घड्याळ बघून, मिनिटासकट. अंबाजीने विचारलं, "नऊची बोट ना रं?" मी म्हटलं, "सात सत्तेचाळीस." तो म्हणाला, "असली कुठं बोट असते?"

तिघींना मधुमेह निघाला. त्यांतली एक क्रांती. पाच जणी काठावर. नऊ जणी ठीक. काठावरच्या पाचांत एक पुन्हा गरोदर आहे, पाचवा महिना. तिला आता वेळेत कळलं. तिचं खाणं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे आणि दर पंधरवड्याला तिचं रक्त मी नेणार आहे. यासाठी मला कुठलं पद लागत नाही.

क्रांतीला आपलं पत्र वाचायला दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, "आबा, मी बारावी नापास झाले तेव्हा तुम्ही म्हणालात, दीक्षाताईसारखी हो. बरं झालं न्हाय झाले." पोरगं तिच्या मांडीवर होतं. मी हे लिहिणार नव्हतो, पण आपल्याला अर्धवट सांगितलेलं चालू नये.

तीन ऑगस्टच्या पत्राची झेरॉक्स, त्यामागे आपल्या सहीच्या पोचपावतीची झेरॉक्स, आणि आपल्या नऊ एप्रिलच्या पत्राची झेरॉक्स, असे एकोणीस संच केले. प्रत्येक बाईला एक दिला. विसावा संच संस्थेच्या नीतिसमितीला रजिस्टर पोस्टाने गेला आहे. त्यात माझा कबुलीजबाबही आहे, पहिल्या पानावर, म्हणजे तो शोधावा लागणार नाही. सोबतच्या पत्रात दोनच मागण्या आहेत. उरलेल्या त्र्याण्णव जणींनाही संस्थेने स्वतः कळवावं. आणि पान चारवरच्या ओळीत 'पेटी' हा शब्द घालावा. माझं नाव घाला अशी मागणी मी केलेली नाही.

आपल्या फॉर्माला जोडलेल्या यादीत दोन वस्तूंची भर घालतो. रक्ताच्या नळ्यांची पेटी, स्टील आणि पफ, काल्याची. आणि लहान मुलाचा हात वर-खाली करायची लाकडी पुली, दोरी मऊ सुताची, एका टोकाला कडं आणि एका टोकाला उजव्या मनगटाला बांधायचा खुळखुळा. डाव्या हाताने कडं खाली ओढलं की उजवा हात खुळखुळ्यासकट वर जातो. पोराला तो खेळ वाटतो. पाळण्याच्याच खुंटीला ती बांधली आहे. गेल्या आठवड्यात उजवं कोपर बोटभर वाकलं. मोजून बोटभर.

टेबल आपल्याकडेच राहू द्या. पुठ्ठा मात्र काढा. डाव्या पायाला दोन सूत लाकूड जोडून घ्या. कुठलाही सुतार करून देईल.

विनेश येऊन गेला. मुलगा खरंच सभ्य आहे. पडवीत बसला, चहा घेतला, पाळण्याचे सांधे निरखून बघितले. मग करार पुढे केला. पेटीचा सर्व हक्क, वही, कार्बनच्या प्रती आणि त्या बायांबाबत माझं मौन, या सगळ्याचे मिळून चार लाख पंच्याहत्तर हजार रुपये. मी पेन्सिल घेऊन त्याच्यासमोरच भागाकार केला. एकोणीस जणींत प्रत्येकी पंचवीस हजार; बाकी शून्य. कागद त्याला परत दिला. सही केलेली नाही.

धम्मदीप